शमुएलकाकांचा नाजूक माल

शमुएलकाकांनी मला पहिलं पुस्तक सुचवलं तेव्हा मी त्यांच्या दंडात सुई खुपसत होते.

सुई टोचताना माणसं डोळे मिटतात, दात आवळतात, आमच्यातले काही जण एलियाहू हन्नबी या प्रेषिताचा धावा करतात. हे गृहस्थ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. सुई बाहेर निघाल्यावर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला विनोदी चालणार नाही. तुम्हाला खुनाचं द्यायला हवं."

मी म्हटलं, "कापूस दाबून धरा."

"धरतो. पण खून सुरुवातीलाच झालेला हवा. तुम्हाला वाट बघायची सवय दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्याच्या दारात उभे. हातात तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक. खून पहिल्याच पानावर होता. त्या संध्याकाळी माझ्या चपात्या करपल्या आणि नवऱ्याने त्या तशाच खाल्ल्या.

इस्राएल देशात, बेरशेबाच्या आमच्या शिकूनमध्ये, म्हणजे सरकारने बांधलेल्या त्या एकसारख्या घरांच्या वसाहतीत, मुंबई-ठाणे-पुण्याकडून आलेली बरीच इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू, कुटुंबं होती. येताना प्रत्येकाने आपापल्या अकलेप्रमाणे सामान आणलं होतं. मी प्रेशरचा स्टोव्ह आणि पाटा-वरवंटा आणला. रिबकामावशींनी तांब्याची भांडी आणली. शमुएलकाकांनी ट्रंक भरून पुस्तकं आणली. हैफाच्या बंदरावर कस्टमवाल्याने ट्रंक उघडून विचारलं, "कपडे कुठे आहेत?" काका म्हणाले, "अंगावर."

मुंबईला ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होते. इथे एका कारखान्याच्या गुदामात पोती मोजायचे. पण त्यांच्या डोक्यातलं पार्सल ऑफिस काही बंद झालं नव्हतं. पुस्तकाला ते पुस्तक म्हणत नसत, माल म्हणत.

"हा माल जड आहे, सिस्टर. झोपून वाचू नका, छातीवर पडेल."

"हा नाशवंत. निवडणुका होईपर्यंत वाचून टाका, मग वास येईल."

"हा बंगाली माल. मराठीत आणताना थोडा हिंदकळलाय, पण आत पाणी अजून भरपूर आहे. जवळ टॉवेल ठेवा."

त्यांच्याकडे मराठी तर होतंच, पण बंगालीवरून, गुजरातीवरून, उर्दूवरून मराठीत आलेलंही होतं. सिलोनच्या कुणा मास्तराने इंग्रजीत लिहिलेल्या गोष्टी होत्या. त्यांच्याबद्दल काका म्हणत, "मास्तर चांगला आहे, पण प्रत्येक गोष्टीत कुणीतरी समुद्रात बुडतं. आपण वाळवंटात राहतो, आपल्याला धोका नाही. घेऊन जा."

शिफारस करायला त्यांना जागा-वेळ लागत नसे. अंड्यांच्या रांगेत, बसच्या थांब्यावर, नळावर. एकदा तर एका अंत्ययात्रेत माझ्या शेजारून चालता चालता हळूच म्हणाले, "त्या समोरच्या बाईंना प्रवासवर्णन द्यायला हवं. अजून आठवड्याभराने." मी डोळे वटारले. आठवड्याभराने ते खरोखर जाऊन देऊन आले आणि ती बाई, जी आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती, ती सगळ्यांना काश्मीरच्या बर्फाबद्दल सांगत सुटली.

सगळेच नेम असे लागत नसत. पाण्याच्या टाकीवर पहारा करणाऱ्या बिन्यामिनला त्यांनी भुताखेतांच्या गोष्टी दिल्या. बिन्यामिनने नोकरी सोडली. "चुकीच्या पत्त्यावर डिलिव्हरी," एवढंच काका म्हणाले.

रिबकामावशींची गोष्ट मात्र सगळ्या वसाहतीला ठाऊक होती. त्यांचं आणि सुनेचं भांडण भिंतीपलीकडे ऐकू जायचं, आणि आमच्या भिंती पातळ. काकांनी मावशींना एक कौटुंबिक कादंबरी दिली. पुस्तक परत करायला मावशी आल्या तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते.

"काय मेलं पुस्तक दिलंस रे शमुएल! त्यातली सासू हुबेहूब माझ्यासारखी बोलते."

"मग?"

"मग काय! सूनबाईनेही वाचलंन. आता मी तोंड उघडलं की ती हसते."

"आणि भांडण?"

"हसत्या माणसाशी भांडायचं कसं, ते तूच सांग! तीनदा सुरुवात केली मी."

काकांनी मावशींच्या पुढे चहा ठेवला आणि विचारलं, "पण शेवट? शेवट पटला का?"

हा त्यांचा नियम होता. पुस्तक न्यायचं कुणीही, कसंही. पण परत करायला स्वतः यायचं. शेजाऱ्याच्या हाती पाठवलं तर ते त्याच्याच हाती उलट पाठवत. आणि आल्यावर बसायचं, चहा घ्यायचा, काय वाटलं ते सांगायचं. मला हा नियम अजिबात आवडत नसे. दिवसभर दवाखान्यात उभी असणारी बाई मी, घरी दोन मुलं, आणि तिथे बसून नायिकेने माहेरी परत जावं की नाही यावर मत द्यायचं! एकदा मी म्हटलं, "काका, वाचलं, बरं होतं, हे घ्या." ते म्हणाले, "सिस्टर, पोचपावती अशी देत नाहीत. बसा." आणि चहाचा कप आधीच भरलेला होता.

पुस्तकांच्या बाबतीत अत्यंत कडक. पान दुमडलेलं दिसलं की ते बोटाने सरळ करत, आणि तुमच्याकडे असं बघत की जणू तुमच्या हातून तान्हं मूल पडलंय. खूण म्हणून बसचं तिकीट चालेल, काडी चालणार नाही. वाचताना तेलकट खायचं नाही. माझ्या एका पुस्तकावर हळदीचा डाग पडला होता. त्या डागाबद्दल त्यांनी मला वर्षभर ऐकवलं.

हैफाला त्यांचा मुलगा बंदरात नोकरीला होता. सणाला येई. नातवंडं आजोबांशी हिब्रूत बोलत आणि आजोबांच्या हिब्रूला हसत. बायको मुंबईलाच वारली होती, इथे यायच्या आधी.

आता खऱ्या प्रकरणाकडे येते.

काकांचं छप्पर अ‍ॅस्बेस्टॉसचं. बेरशेबात पाऊस फार पडत नाही, पण पडतो तेव्हा जे भोक सापडेल त्यातून पडतो. एका हिवाळ्यात ट्रंकेत पाणी शिरलं. काकांनी पुस्तकं दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातली आणि मग ठरवलं की ती सिनेगॉगमध्ये ठेवायची. तिथे भक्कम लाकडी कपाट होतं. वरच्या फळ्यांवर प्रार्थनेची पुस्तकं, खालची फळी मोकळी.

सिनेगॉगची देखरेख झेलिग नावाचा रुमानियाचा म्हातारा करायचा. एकटा जीव. मोठ्या लढाईनंतर त्याच्या घरातला तोच उरला होता. त्याला मराठी येत नव्हतं आणि काकांचं हिब्रू म्हणजे पोती मोजण्यापुरतं. काकांनी पुस्तकांचा गठ्ठा दाखवून एवढंच सांगितलं, "पुस्तकं. जुनी. पाऊस." झेलिगने मान हलवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या लोकांनी हिंदुस्थानातून आणलेली प्रार्थनेची पुस्तकं एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला मराठी अशी छापलेली असतात. वरच्या फळीवर ती होतीच. झेलिगने आमच्या म्हाताऱ्यांना ती मराठी अक्षरं वाचून डोळे पुसताना पाहिलं होतं. तेव्हा त्याच्या लेखी हे वळणदार, डोक्यावर रेघ असलेलं अक्षर म्हणजे पवित्र अक्षर. बस्स.

आमच्यात पवित्र पुस्तक हातून खाली पडलं तर उचलून त्याचा मुका घेतात. एका शुक्रवारी फळी पुसताना झेलिगच्या हातून माझंच ते खुनाचं पुस्तक पडलं. त्याने ते उचललं, धूळ फुंकली आणि डोळे मिटून मुका घेतला. काकांनी हे स्वतः पाहिलं. मला सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

"मग तुम्ही सांगितलं नाही त्याला?"

"काय सांगू? की बाबा रे, तू सावकाराच्या मुडद्याचा मुका घेतलास?"

पेसाखच्या सणाच्या आधी सगळीकडे साफसफाई निघते. त्या दिवसांत झेलिग कंबर धरून दवाखान्यात आला. मी मलम चोळत असताना तो कण्हत, पण समाधानाने म्हणाला, "सिस्टर, तुमच्या लोकांची पुस्तकं फार जड. पण मी सगळी नीट पोत्यांत भरली. फाटलेली, पाठ सुटलेली. आज सगळ्यांचा मान राखून निरोप देणार."

माझा हात थांबला. पवित्र पुस्तक जीर्ण झालं की ते फेकत नाहीत, जाळत नाहीत. दफनभूमीत नेऊन माणसासारखं पुरतात. हे मला माहीत होतं. मी विचारलं, "कोणत्या फळीवरची?"

"खालच्या. तपकिरी कागदातली."

"पोती कुठायत?"

"गेली. खड्डा खणतायत. आता ही कंबर घेऊन मीही निघतोच."

फाटलेली पुस्तकं म्हणजे कुठली? जी सगळ्यांत जास्त हातांतून फिरली ती. जी कुणी वाचली नव्हती ती कोरी करकरीत फळीवर सुखरूप होती.

मी एप्रन न काढताच काकांच्या घरी गेले. ते कांदा चिरत होते. मी सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात धुतले, टॉवेलला पुसले, टोपी घातली, आणि मग त्यांना बाहेर जायचा दरवाजा सापडेना. घराला दरवाजा एकच होता.

रस्त्यावर बर्फवाल्याची घोडागाडी मिळाली. मी त्याला सांगितलं, "दफनभूमी. लवकर." माझा एप्रन बघून त्याने काही विचारलं नाही. आम्ही बर्फाच्या लाद्यांवर, पोत्यावर बसलो. घोडा त्याच्या मताने चालत होता. काकांचा पायजमा खालून भिजत गेला, त्यांना पत्ता नव्हता.

"काका, रक्तदाब आहे तुम्हाला. शांत बसा. पुस्तकं काय, मुंबईहून आणखी मागवता येतील."

"सिस्टर," ते समोर बघत म्हणाले, "पार्सल ऑफिसात माल नसला की खिडकी लावून घेतात. आत क्लार्क बसलेला असतो. पण त्याला बघायला म्हणून कुणी येतं का?"

मी बर्फवाल्याला म्हटलं, "घोड्याला जरा हाक की रे."

आम्ही पोहोचलो तेव्हा खड्डा तयार होता. एक पोतं आत गेलं होतं, बाकीची काठावर, आणि झेलिग आमच्या आधी पोहोचून उन्हात स्तोत्रं म्हणत उभा होता. माती अजून लोटली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मी तोंड उघडलं. माझं हिब्रू काकांपेक्षा चांगलं आणि मला सरळ बोलायला काही वाटत नाही. पण काकांनी माझा हात धरला.

"तुम्ही नका. माझा माल आहे. मी सोडवतो."

आणि ते झेलिगसमोर जाऊन उभे राहिले. ओल्या पायजम्यात. त्यांनी टोपी सारखी केली.

"झेलिग, ही पवित्र पुस्तकं नाहीत."

झेलिगने स्तोत्र पुरं केलं, मगच विचारलं, "म्हणजे?"

"गोष्टी. माणसांनी लिहिलेल्या. हिंदुस्थानातल्या माणसांनी."

"सगळ्या?"

"सगळ्या."

झेलिगने काठावरच्या पोत्यातून एक पुस्तक काढलं, उघडलं, त्या अक्षरांकडे बघितलं. "मी याचा मुका घेतला होता."

"हो."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"आणि बोलला नाहीत."

काकांचं हिब्रू इथे संपलं. ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सिस्टर, याला सांगा, इतक्या मायेने माझी पुस्तकं आजवर कुणीच हातात घेतली नव्हती. मग मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मी जसंच्या तसं सांगितलं. झेलिग त्या मातीच्या ढिगावर बसला. मला वाटलं आता हा ओरडणार, पंचांना बोलावणार, आणि काकांना सिनेगॉगची पायरी चढणं मुश्कील होणार. त्याने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "यात काय आहे?"

"खून. एका सावकाराचा."

"कुणी केला?"

काका दचकले. शेवट सांगायचा नाही, हा तर त्यांचा धर्म. "ते सांगत नाहीत. वाचायचं असतं."

"मला वाचता येत नाही. मी याला पुरायला निघालो होतो. मला कळायला हवं."

काका त्याच्या शेजारी ढिगावर बसले, त्याच्या कानाला लागले आणि खाणाखुणा करत पोती मोजण्याच्या हिब्रूत सगळं सांगू लागले. झेलिगचे डोळे मोठे होत गेले. "पुतण्या?" तो ओरडला. "तो गोड बोलणारा?"

मी तोवर चपला काढून खड्ड्यात उतरले होते. कुणीतरी उतरायला हवं होतं, आणि त्या दोघांच्या गुडघ्यांची कागदपत्रं माझ्याच दवाखान्यात होती.

पोती परत आणली. पण झेलिगने एक गोष्ट स्पष्ट केली: माहीत नव्हतं तोवर ठीक, आता ही पुस्तकं त्या कपाटात राहणार नाहीत. त्याचं बरोबर होतं. आमच्या दवाखान्यात औषधांचं एक जुनं काचेचं कपाट मोडीत निघालं होतं. मी ते मागून घेतलं, काकांच्या घरी पोचवलं, वर ताडपत्री ठोकली. वरच्या कप्प्यावर लाल अक्षरांत 'विष' असं लिहिलेलं होतं, ते काही केल्या निघेना. काकांनी तिथे खुनाची पुस्तकं लावली.

फाटलेल्यांची दुरुस्ती राहिली होती. सणानंतरच्या पहिल्या मोकळ्या दुपारी मी पातेलंभर खळ शिजवली, जुनी चादर फाडून पट्ट्या केल्या आणि वाचणाऱ्या सगळ्यांना सांगून टाकलं की ज्यांनी फाडलीत त्यांनी चिकटवायला या. सगळे आले. रिबकामावशी आल्या, सून आली. बिन्यामिन आला, दारातूनच विचारून, की भुतांचं पुस्तक दुसऱ्या कुणाला द्याल ना? झेलिगही आला. तो पाठी शिवायला फार चांगला निघाला. रुमानियात त्याचा हाच धंदा होता म्हणे. चिकटवता चिकटवता प्रत्येक पुस्तक उचलून विचारायचा, "आणि यात कोण मरतं?" आणि चौघं जण चार तोंडांनी सांगू लागत.

"ती मरत नाही रे, ती काशीला जाते!"

"जाते कसली, वाटेत उतरते."

"गो, तुझ्या पुस्तकाचं शेवटचं पान गेलं असणार!"

काकांच्या घरात कप कमी पडले. ते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नुसतेच फिरत होते. एरवी शेवट सांगणाऱ्याला ते घराबाहेर काढत, त्या दिवशी त्यांच्या देखत सगळ्या कादंबऱ्यांचे शेवट फुटले आणि ते केवळ म्हणत होते, "बसा, बसा. घाई नाही. आणखी चहा होतोय."

उजेड कमी झाला तशी मंडळी उठली. सगळी पुस्तकं चिकटवून, ओळीने वाळत ठेवून झाली होती. मी पातेलं घासून पालथं घातलं, पदराला हात पुसले. एक काम नीट पुरं झालं की मला बरं वाटतं, आणि हे झालं होतं.

मी चपला घालत होते तेव्हा काका आतल्या खोलीतून आले. हातात एक पुस्तक.

"सिस्टर, हे एक राहिलं वाटतं. पान सुटलंय."

मी पुस्तक घेऊन दिव्याकडे धरलं. ते कोऱ्यांपैकी होतं, कुणी न नेलेलं. आतलं एक पान मधोमध फाटलेलं. जुन्या फाटीची कड मळलेली असते, बोटांना गुळगुळीत लागते. दुपारभर तेच तर बघत होते मी. ही कड पांढरी होती, तिला बारीक तंतू होते, आणि पुस्तक उघडताच त्यातला एक कपटा माझ्या मनगटावर पडला.

काका कपाटाच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत होते.

"आता खळ संपली," मी म्हटलं. "रविवारी येते. रिबकामावशींनाही आणते."

"या ना," ते काचेकडे बघतच म्हणाले. "घाई नाही."